दोन याद्यांमधली न दिसणारी खूण

आज आपण एका न दिसणाऱ्या अक्षराबद्दल बोलू. त्याचं नाव न्यूलाइन, आस्कीमधला क्रमांक १०. प्रश्न असा, की हे अक्षर दोन ओळींच्या मध्ये येतं, की प्रत्येक ओळीच्या शेवटी? युनिक्सचं उत्तर आहे, शेवटी. म्हणजे त्याचं काम स्वल्पविरामाचं नाही, पूर्णविरामाचं आहे. शेवटच्या ओळीलाही ते लागतंच.

आता आपल्या खान्देशातलंच उदाहरण घेऊ. एक कमांड जळगाव जिल्ह्याचे १५ तालुके छापते, अमळनेरपासून रावेरपर्यंत, एका ओळीवर एक. दुसरी धुळे जिल्ह्याचे ४ छापते: धुळे, शिंदखेडा, शिरपूर, साक्री. शेल स्क्रिप्टमध्ये आपण दोन्हींचं आउटपुट डॉलर-कंसात पकडून दोन व्हेरिएबलमध्ये ठेवलं आणि ती शेजारी-शेजारी, अवतरणात लिहून इकोने छापली. तालुके १९ हवेत ना? ओळी येतात १८! मध्ये 'रावेरधुळे' नावाचा तालुका उगवलेला असतो. एरर मात्र काहीच नाही. या यादीवरून उद्या पाण्याचे टँकर वाटायचे असतील, तर रावेरही कोरडं आणि धुळेही कोरडं.

असं का होतं? डॉलर-कंस आउटपुटच्या शेवटच्या सगळ्या न्यूलाइन काढून टाकतो. मधल्या तशाच ठेवतो. हे गैर नाही. आजची तारीख फाइलच्या नावात घालताना शेवटची न्यूलाइन नकोच असते. पण पूर्णविराम गेला, की जोडताना तो आपणच द्यायचा.

उपाय दोन. पहिला, प्रिंटएफला 'टक्का-एस आणि पुढे न्यूलाइन' असा साचा द्या आणि दोन्ही व्हेरिएबल दुहेरी अवतरणात द्या. अवतरण विसरलात, तर मधल्या न्यूलाइनही जातात आणि शेल प्रत्येक शब्द सुटा करतो. एक यादी रिकामी असेल, तर इथे एक कोरी ओळ मात्र येते.

दुसरा उपाय आम्हाला अधिक पटतो: व्हेरिएबलमध्ये पकडूच नका. महिरपी कंसात दोन्ही कमांड एकामागोमाग लिहा, प्रत्येकीपुढे अर्धविराम द्या, उघडत्या कंसानंतर जागा सोडा आणि सगळं आउटपुट एकत्र फाइलमध्ये वळवा. प्रत्येक ओळ आपला पूर्णविराम घेऊनच येते. रिकामी यादी काहीच टाकत नाही.

आपल्या वैशेषिकांनी अभावालाही पदार्थ मानलं. इथेही तसंच: नसलेली न्यूलाइन काहीतरी करून जाते. म्हणून याद्या जोडल्या, की ओळी मोजा.