मत न देता परत फिरू नका : मतदान केंद्रातले अनुभव आणि नियम



निवडणुकीवर बोलायचं म्हटलं की आपण कोण जिंकलं, कोण पडलं, कोणाची लाट होती यावरच बोलतो. आज ते बाजूला ठेवू. मतदार घरून निघतो, रांगेत उभा राहतो आणि बोटाला शाई लावून बाहेर येतो, तेवढ्या वेळात त्याच्या वाट्याला काय येतं, एवढंच आज पाहायचं आहे.

वर्धा जिल्ह्यात २०२४ या एकाच वर्षात दोन मोठी मतदानं झाली. लोकसभेचं २६ एप्रिलला आणि विधानसभेचं २० नोव्हेंबरला. एप्रिलअखेरचं वर्ध्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी सकाळी सात-आठला आणि संध्याकाळी पाचनंतर रांगा, मधल्या वेळात शाळेच्या आवारात कडुनिंबाच्या सावलीला बसलेली चार माणसं. नोव्हेंबरात ऊन नव्हतं, पण वावरात कापूस फुटलेला होता. वेचणीची मजुरी किलोवर. मत द्यायला अर्धा दिवस गेला तर तेवढे किलो गेले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी कामगाराला पगारी सुट्टी द्यावी लागते, रोजंदारीवाल्यालाही. पण तिथे शब्द आहेत व्यवसाय, धंदा, औद्योगिक उपक्रम, आस्थापना. कापूस वेचणाऱ्या बाईला यातलं काय लागू होतं, हे वावराच्या धुऱ्यावर उभं राहून कोण सांगणार? म्हणून ती पहाटे स्वयंपाक उरकते, सातच्या आत रांगेत लागते आणि मत देऊन कामाला जाते. मतदानाचा टक्का वाढला की आपण कौतुक करतो. त्या टक्क्यात तिची बुडालेली मजुरीही असते, हे लक्षात ठेवू.

आता एवढं करून आलेल्या बाईला टेबलावरून कोणी म्हणालं, "तुमचं नाव नाही, जा," तर? आजचा आमचा सगळा मुद्दा इथे आहे. आम्ही गावोगावी लोकांशी बोलतो तेव्हा ऐकायला मिळतं की अमका परत आला, तमकीला परत पाठवलं. कारण विचारलं तर उत्तर येतं, "साहेब नाही म्हणाले." बरं का, मतदान केंद्रात साहेबांच्या नुसत्या तोंडी नकाराला फारशी जागा नाही. जवळजवळ प्रत्येक अडचणीसाठी एक नियम आणि एक कागद आहे. तो कागद मागायचा असतो, एवढंच आपल्याला माहीत नसतं.

आधी आत काय चालतं ते पाहू. केंद्राचा प्रमुख म्हणजे केंद्राध्यक्ष. त्याच्या हाताखाली साधारण तीन मतदान अधिकारी. पहिल्याकडे मतदार यादी. तो तुमची ओळख तपासतो आणि नाव व अनुक्रमांक मोठ्याने वाचतो. मोठ्याने का? तर बसलेल्या पोलिंग एजंटांना ऐकू यावं आणि हरकत असेल तर घेता यावी म्हणून. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो, रजिस्टरवर सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा चिठ्ठी घेऊन यंत्राचं बटण दाबतो, मग तुमच्यासाठी मतदान यंत्र सुरू होतं. ही मंडळी म्हणजे बहुतेक आपल्याच ओळखीचे मास्तर, बाई, तलाठी, ग्रामसेवक. आदल्या दिवशी सामान घेऊन आलेले, रात्र शाळेतच काढलेले. मतदान सातला सुरू व्हायचं असलं तरी साडेपाचला एजंटांसमोर किमान पन्नास मतांची चाचणी घ्यावी लागते, ती मतं पुसावी लागतात, चिठ्ठ्या काढून यंत्र सील करावं लागतं. तेव्हा दुपारी एखादा आवाज चढला तर त्यामागची झोपही ध्यानात घ्या. पण त्यामुळे तुमचा हक्क कमी होत नाही.

पहिला अनुभव, नावाचा. लग्न होऊन आर्वीची मुलगी हिंगणघाटला गेली. कार्ड माहेरच्या पत्त्याचं, यादीतलं नाव माहेरी, आणि ती उभी सासरच्या रांगेत. इथे एक गोष्ट पक्की समजून घ्या. मत यादीवर मिळतं, कार्डावर नाही. कार्ड हा ओळखीचा पुरावा, यादी हा हक्काचा. यादीत नाव नसेल तर केंद्राध्यक्षही काही करू शकत नाही. त्या दिवशी ती माहेरीच मत देऊ शकते. म्हणून हे काम मतदानाच्या दिवसाचं नाही, आधीचं आहे. पत्ता बदलला की नमुना ८, नवीन नाव घालायचं तर नमुना ६, आणि ते गावच्या बीएलओकडे किंवा ऑनलाइन.

बायकांच्या नावाचा प्रश्न आजचा नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत उत्तरेकडच्या भागात अनेक बायांनी यादीत स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. तेव्हाचे निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही असं ठरवलं आणि सुमारे २८ लाख नावं यादीबाहेर राहिली. वर्धा त्या वेळी मध्य प्रदेश राज्यात होतं. इथून श्रीमन्नारायण अग्रवाल लोकसभेवर निवडून गेले. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. आज पेटी गेली, यंत्र आलं. पण बाईचं नाव तिच्या स्वतःच्या नावाने, ती राहते त्या ठिकाणी असलं पाहिजे, हे काम अजून पुरतं झालेलं नाही.

दुसरा अनुभव, कागदाचा. "कार्ड घरी राहिलं", "कार्डावर आडनाव चुकलं", "फोटो ओळखू येत नाही". यातल्या कशानेही मत जात नाही. यादीत नाव असेल तर आधार, रोजगार हमीचं जॉब कार्ड, बँकेचं किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक, वाहन परवाना, पॅन, पासपोर्ट, फोटोसह पेन्शनचा कागद, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड असे पर्याय आयोगाने दिलेले आहेत. कार्डावरच्या किरकोळ अक्षरचुका, माणसाची ओळख पटत असेल तर, सोडून द्यायच्या असतात. उलट वाटप झालेली मतदार माहिती चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा नाही. नुसती चिठ्ठी घेऊन गेलात तर परत यावं लागेल.

तिसरा अनुभव सगळ्यात जिव्हारी लागणारा. आजी टेबलापाशी येते आणि पहिला अधिकारी म्हणतो, "आजी, तुमचं मत झालं." आजी म्हणते, "मी तं आताच आली ना जी!" बोट कोरं आहे, पण यादीत नावाखाली रेघ आहे. कोणीतरी तिच्या नावावर मत देऊन गेलं, किंवा रेघ ओढताना ओळ चुकली. आजी रडकुंडीला येते आणि घरी जाते. मंडळी, घरी जायचं नाही. निवडणूक नियमांत ४९ पी हा नियम अगदी याच वेळेसाठी आहे. केंद्राध्यक्षाने ओळखीबद्दल प्रश्न विचारायचे, समाधान झालं की आजीची सही किंवा अंगठा वेगळ्या यादीत घ्यायचा आणि तिला कागदी मतपत्रिका द्यायची. तिच्यावर शिक्का मारून ती वेगळ्या लिफाफ्यात जाते. याला प्रदत्त मत म्हणतात.

लोक विचारतात, हे मत मोजतात का? नेहमीच्या मोजणीत नाही. मग उपयोग काय? राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ च्या विधानसभा निवडणुकीत सी. पी. जोशी एका मताने हरले. पुढे प्रदत्त मतांचा प्रश्न न्यायालयात गेला आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यावर निकाल द्यावा लागला. लिफाफ्यात कागद होते म्हणून तिथे बोलायला काहीतरी होतं. आजी घरी गेली असती तर तिच्यावर झालेला अन्याय कुठेच लिहिला गेला नसता, आणि जे लिहिलं जात नाही ते न्यायालयातही पोचत नाही.

चौथा अनुभव, यंत्रासमोरचा. २०२४ ला वर्धा लोकसभेत २४ उमेदवार होते. एका यंत्रावर सोळाच ओळी बसतात, म्हणून शेजारी शेजारी दोन यंत्रं. आपलं चिन्ह पहिल्यावर दिसलं नाही की माणूस गोंधळतो. 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण तर सगळ्यात शेवटी, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर. घाई करू नका. दोन्ही पाहा, मग दाबा. बटण दाबल्यावर बाजूच्या व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती बघितल्याशिवाय निघू नका. चिठ्ठी वेगळीच आली असं वाटलं तर तक्रार करता येते. लेखी घोषणा द्यावी लागते, मग एजंटांसमोर चाचणी मत घेतात. तक्रार खरी निघाली तर मतदान थांबवतात, खोटी निघाली तर कारवाई होते. म्हणून खात्री असेल तरच, पण खात्री असेल तर गप्प बसू नका.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट घडते. "आईला वाचता येत नाही, मी दाबून देतो," म्हणत मुलगा आत शिरतो. हे चालत नाही. सोबती फक्त अंध किंवा शरीराने असमर्थ मतदाराला मिळतो. तो अठरा वर्षांवरचा असावा लागतो आणि त्या दिवशी एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. वाचता न येणं हे कारण धरत नाहीत. मुळात चिन्हं आली ती अक्षर न येणाऱ्यांसाठीच. मुलाचा हेतू चांगला असेलही, पण त्या आडोशामागचा एक मिनिट त्या आईचा एकटीचा आहे. घरात, वावरात, दवाखान्यात तिच्या वतीने दुसराच कोणी बोलत असेल, इथे तरी तिला एकटीला सोडा. आणि जिला घराबाहेर पडणंच शक्य नाही, तिच्यासाठी २०२४ ला ८५ वर्षांवरील आणि ४० टक्क्यांहून कमी नाही इतकं अपंगत्व असलेल्यांना घरून मतदानाची सोय होती. त्यासाठी नमुना १२ ड आधीच भरून द्यावा लागत होता.

पाचवा अनुभव, संध्याकाळचा. सहाला दोन मिनिटं कमी आणि रांगेत साठ माणसं. मागून कोणीतरी म्हणतं, "आता काही नंबर लागत नाही, चला." अजिबात जाऊ नका. सहाच्या ठोक्याला जे रांगेत आहेत, त्या सगळ्यांना मत देता येतं, मग आठ वाजोत की नऊ. केंद्राध्यक्ष चिठ्ठ्या वाटतो आणि त्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून सुरू करून पुढे येतो. शेवटून का? म्हणजे त्याच्यामागे नवीन कोणाला शिरता येऊ नये.

हे सगळं आम्ही इतकं खोलात का सांगितलं? सोपी गोष्ट आहे. केंद्रावर भांडायला आवाज लागत नाही, दोन-चार शब्द लागतात. यादी बघा. दुसरा पुरावा आहे. प्रदत्त मतपत्रिका द्या. केंद्राध्यक्षांना भेटायचं आहे. एवढे चार शब्द घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आणि पहिल्यांदा मत देणाऱ्या पोरीला शिकवून ठेवा. पुढचं मतदान ग्रामपंचायतीचं असो की लोकसभेचं, आधी यादीत नाव तपासा आणि फोन घरी ठेवून जा, कारण मतदान केंद्राच्या आत तो नेता येत नाही. आणि नाही म्हणणारा कोणीही असो, कोणत्या नियमाने नाही, ते नम्रपणे पण उभं राहून विचारा.