विरघळणारा स्टेंट की पुन्हा पुन्हा फुगा?

कर्करोग नसतानाही अन्ननलिका आकसते. जठरातले आम्ल सतत वर येणे, चुकून प्यायलेले ॲसिड, शस्त्रक्रियेची जोडणी, रेडिएशन ही त्याची नेहमीची कारणे. आतली वाट 13 मिलिमीटरहून अरुंद झाली की भाकरीचा घास छातीत अडकू लागतो.

पहिला उपाय आजही ताणण्याचाच. दुर्बिणीच्या मदतीने फुगा किंवा निमुळती नळी घालून वाट रुंदावतात. बहुतेकांचे त्यावर भागते. मात्र 2-2 आठवड्यांनी 5 वेळा ताणूनही वाट 14 मिलिमीटरपर्यंत पोहोचली नाही, तर दुखणे चिवट समजतात.

अशा रुग्णांसाठी चेक प्रजासत्ताकातल्या एला-सीएस कंपनीने विरघळणारा स्टेंट आणला. शस्त्रक्रियेत टाके घालायचा विरघळणारा धागा ज्या पॉलिडायॉक्सानोनचा असतो, त्याचीच ही विणलेली जाळी. ती 6 ते 8 आठवडे वाट उघडी धरून ठेवते, 11-12 आठवड्यांत तिचे तुकडे पडू लागतात. काढण्यासाठी पुन्हा दुर्बीण घालावी लागत नाही.

2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 66 रुग्णांच्या चाचणीत स्टेंट बसवलेल्यांना पहिले 3 महिने पुन्हा ताणून घेण्याची गरज नुसत्या ताणलेल्यांपेक्षा कमी वेळा पडली. 6 महिन्यांनी हा फरक उरला नाही. छातीत दुखणे, स्टेंट सरकणे, जाळीतून पेशी वाढून वाट पुन्हा बुजणे हे त्रासही होतात. म्हणून स्टेंट हा सुरुवातीचा इलाज नव्हे. तरीही दर पंधरवड्याला उपाशीपोटी हॉस्पिटल गाठणाऱ्याला ही उसंत फार मोलाची वाटते.

घास अडकू लागला असेल, तर पातळ खाऊन दिवस ढकलू नका. दुर्बिणीतून तपासणी करून घ्या.