क्वांटम : 'जमत नाही' याचेही मोल

गैरसमज : गुंतलेल्या, म्हणजे अवस्था एकमेकींशी जोडल्या गेलेल्या, कणांद्वारे प्रकाशापेक्षा वेगाने निरोप धाडता येतो. हा समज केवळ सामान्य वाचकाचा नाही. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ निक हर्बर्ट यांनी अशाच यंत्राची कल्पना शोधनिबंधात मांडली होती. तो निबंध परीक्षणासाठी हैफाच्या टेक्नियन संस्थेतील आशेर पेरेस यांच्याकडे आला. तो सापेक्षता सिद्धांताला छेद देतो, म्हणजे चुकीचाच आहे, हे पेरेस यांना स्पष्ट दिसत होते. तरीही त्यांनी तो छापण्याची शिफारस केली, कारण त्यातली चूक शोधताना भौतिकशास्त्र पुढे जाईल, अशी त्यांची खात्री होती. १९८२ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. चुकीचे छापल्याने विज्ञानावरचा विश्वास उडतो, हा आक्षेप वजनदार आहे. दुसरे परीक्षक गिरार्दी यांनी तर चूक दाखवून निबंध नाकारलाही होता. पण त्यांचे उत्तर परीक्षण-अहवालातच राहिले असते. चूक उघड्यावर आली, म्हणून तिचे उत्तरही सर्वांचे झाले.

वस्तुस्थिती : अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही. हर्बर्ट यांच्या यंत्राची सारी भिस्त फोटॉनच्या प्रतींवर होती. दोन भिन्न अवस्थांच्या अचूक प्रती काढणाऱ्या यंत्रात त्या दोन्हींच्या अध्यारोपणातला, म्हणजे दोन्ही अवस्था एकत्र धारण करणारा, कण घातला, तर दोन स्वतंत्र प्रती मिळत नाहीत, एकमेकांत गुंतलेली जोडी मिळते. भौतिकशास्त्रज्ञ वूटर्स व झुरेक यांनी आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी हे त्याच वर्षी सिद्ध केले.

मग टेलिपोर्टेशनचे काय, असे कोणी विचारेल. १९९३ मध्ये ती कल्पना मांडणाऱ्या सहा जणांत पेरेसही होते. तिच्यात पदार्थ प्रवास करत नाही, फक्त अवस्था दुसऱ्या कणावर उतरते आणि मूळ कणावरची पुसली जाते. म्हणजे प्रत निघतच नाही. शिवाय प्रत्येक क्यूबिटमागे, म्हणजे क्वांटम माहितीच्या एककामागे, दोन साधे बिट नेहमीच्या मार्गाने पाठवावे लागतात. ते पोहोचेपर्यंत पलीकडच्या माणसाच्या हाती निव्वळ यादृच्छिक निकाल असतात. प्रकाशाचा वेग इथेही ओलांडला जात नाही.

हे शास्त्र केवळ नकारांचेच आहे का? मुळीच नाही. संशोधक बेनेट आणि ब्रासार यांनी १९८४ मध्ये मांडलेली गुप्तकिल्ली-पद्धत याच मर्यादेवर उभी आहे : चोरून ऐकणाऱ्याला प्रत काढता येत नाही आणि मोजायला गेला, तर चुकांच्या रूपाने त्याचा माग राहतो. निरोप प्रकाशापेक्षा वेगाने धाडू न देणारा निसर्गनियमच निरोपाची राखण करतो. म्हणून क्वांटम माहितीशास्त्रज्ञाचे काम चमत्कार घडवण्याचे नाही. अशक्याची सीमा नेमकी कुठे आहे ते आखून त्या सीमेलाच कामाला लावण्याचे आहे.