हंडाभर पाणी आणि आम्ही तिघं

शनिवारी दुपारी दोन वाजता तुम्ही काय करत असता? झोपलेले असता किंवा मॉलमध्ये पार्किंग शोधत असता. गेल्या एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी दोन वाजता आम्ही तिघं कात्राबाईच्या खिंडीखाली, करवंदीच्या जाळीच्या वीतभर सावलीत बसून, उरलेलं पाणी बाटलीच्या झाकणानं मोजून पीत होतो. एका वेळी प्रत्येकी दोन झाकणं. तिसरं मागितलं तर भांडण.

आम्ही तिघं म्हणजे एकाच ऑफिसातले. टेस्टिंगमधला मित्र, एचआरमधली मैत्रीण आणि मी. प्लॅन झकास होता. शुक्रवारी रजा टाकून रतनगड करायचा, रात्री रतनवाडीत मुक्काम, शनिवारी कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत आणि रविवारी पाचनईवरून हरिश्चंद्रगड. अकोले तालुक्यातली ही डोंगरयात्रा ट्रेकर मंडळींत मानाची. रतनगडाचं नेढं पाहिलं, त्यात बसून वारा खाल्ला, संध्याकाळी अमृतेश्वराच्या देवळात दगडी कोरीव काम बघत निवांत बसलो. तोवर आम्ही स्वतःला भलतेच हार्डकोअर समजत होतो.

घोळ पाण्यात झाला, आणि तो शंभर टक्के आमचा. एका ग्रुपनं लिहून ठेवलेली नोंद आमच्याकडे होती. तीत खिंडीपलीकडच्या उतारावर ओढा लागतो, तिथे बाटल्या भरून घ्या, असं स्पष्ट म्हटलं होतं. फक्त तो ग्रुप गेला होता डिसेंबरात. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, दिवसभर डेडलाइन मोजणाऱ्या माणसांच्या! माणशी तीन लिटर घेऊन पहाटे निघालो. झाडी होती तोवर मजेत चाललो. खिंडीत पोचलो तेव्हा अकरा वाजून गेलेले. देवीला नमस्कार केला आणि मी अर्धी बाटली सरळ डोक्यावर ओतून घेतली. फोटोही काढून घेतला. पुढे ओढा आहेच की!

ओढा होता. मोबाइलवर निळी रेघ दिसत होती आणि आम्ही बरोब्बर तिच्यावर उभे होतो. पायाखाली तापलेले गोटे आणि ढीगभर वाळका पाला. पुढच्या वळणावर डबकं असेल, म्हणत आम्ही तासभर त्या ओढ्यातूनच खाली उतरलो. कुठेही टिपूस नाही. मित्राच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. मग त्याचा घाम थांबला. ही लक्षणं चांगली नसतात एवढं फर्स्ट एडच्या ट्रेनिंगमध्ये शिकले होते, पण त्यानं शांतपणे विचारलं, ‘‘कॉल किती वाजता आहे आपला?’’ तेव्हा मात्र माझी टरकली. मोबाइलला रेंज नव्हती. म्हणजे कॉल कुणालाच करता येणार नव्हता.

शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा आधी ऐकू आल्या, मग दहा-बारा वर्षांचा एक पोरगा दिसला. त्यानं मित्राकडे एकदा पाहिलं, त्याची सॅक काढून स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि ‘‘चला’’ म्हणाला. पाऊण तास त्याच्या मागे फरफटत गेल्यावर चार-पाच घरांची वस्ती आली.

पहिल्याच घराच्या ओट्यावर आजी हिरडे निवडत बसली होती. आम्हाला बघून तिनं काही विचारलं नाही. आधी मित्राला सावलीत आडवं केलं, लुगड्याचा पदर ओला करून त्याच्या कपाळावर ठेवला. मग गुळाचा खडा आणि तांब्या. तो तांब्या तोंडाला लावणार तोच तिनं हात धरला. ‘‘ढसाढसा नको पिऊ. घोट घोट घे. पानी कुठं पळून नाय चाललं.’’

आम्ही घोट घोट करत किती प्यालो कुणास ठाऊक. तासाभरानं मित्र उठून बसला आणि त्यानं करवंदं मागितली, तेव्हा आम्ही दोघी हसता हसता रडलो. मग आजीनं आमच्या बाटल्या मागून घेतल्या आणि भरल्या. सगळ्या. हंडा कलता करून शेवटची बाटली भरताना तिनं बूड वर धरलं होतं, हे मी पाहिलं. त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

दारात कुठल्याशा योजनेचा नळ होता. त्याच्या तोटीवर पोराची चड्डी वाळत होती.

आता गंमत बघा. याच डोंगरांच्या पट्ट्यात, घाटघर-रतनवाडीकडे, काही वर्षी पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. प्रवरा उगम पावते रतनगडावर, मुळा हरिश्चंद्रगडाच्या परिसरात. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. त्याच्या पाण्यावर खाली संगमनेर, श्रीरामपूरकडचा ऊस उभा राहिला. मुळेवरचं राहुरीजवळचं धरण २६ टीएमसीचं, नगर शहर त्याचं पाणी पितं. (२०२४ पासून नाव अहिल्यानगर, पण जीभ अजून वळत नाही.) आणि जिथे हा पाऊस पडतो, तिथला खडक काळाकभिन्न बेसॉल्ट. पाणी मुरायला जागा कमी, उतार भरपूर. चार महिने सगळं धो धो वाहून जातं आणि होळीनंतर डोंगरातली माणसं हंडा घेऊन निघतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, असं म्हणतात. इथे तर अख्खा पावसाळाच उशाला.

त्या दिवशी पुढे जायचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी आजीची सून दोन हंडे आणि चुंबळ घेऊन निघाली, तशा आम्ही दोघीही मागे लागलो. वीस मिनिटं चालून नदीच्या कोरड्या पात्रात गेलो. तिथे वाळूत उकरलेला एक झिरा. तळाशी गढूळसर पाणी, वरून तीन बायका नंबर लावून बसलेल्या. सून आत उतरली आणि वाटीनं पाणी हंड्यात भरायला लागली. बारा-पंधरा वाट्या झाल्या की खडखडाट. मग पाणी साठेपर्यंत गप्पा. ‘‘तुमच्यात लग्न कधी करत्यात?’’ वगैरे. एक हंडा भरायला तासाच्या वर वेळ गेला. मी खिंडीत डोक्यावर ओतलेल्या बाटलीचा हिशोब करायला लागले आणि मध्येच सोडून दिला. दुसरा हंडा मी भरायला घेतला तर माझ्या हातून वाटीत निम्मी वाळू आली. बायका खो खो हसल्या आणि वाटी काढून घेतली.

भरलेला हंडा डोक्यावर घेऊन बघायची हौसही मी भागवून घेतली. दहा पावलं.

रात्री नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि उघड्यावर अंथरूण. एवढ्या चांदण्या मी एका वेळी कधीच पाहिल्या नव्हत्या, पण डोळे मिटले की वाटीचा खरवडल्याचा आवाज यायचा.

तुम्हाला जायचं असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी जा. एप्रिलात जायचंच असेल तर माणशी पाच लिटर पाणी आणि गावातला वाटाड्या सोबत घ्या. ओढ्यांवर विसंबू नका, नकाशातल्या तर मुळीच नको. आणि कुणाच्या घरी पाणी घेतलंत, तर ते कुठून येतं ते बघून या.

सकाळी निघताना पैसे पुढे केले. जेवणाचे घेतले, तेही सुनेनं, खूप आग्रह केल्यावर. पाण्याचे म्हटल्यावर आजीनं असं काही बघितलं, की मी पाकीट गपचूप सॅकमध्ये टाकलं. मग तिनंच विचारलं, ‘‘एक बाटली ठिवून जाता का? पोरगा शेळ्यामागं जातो, त्याला हुईल.’’

मी लगेच माझी स्टीलची बाटली काढली. अठराशे रुपयांची, पाणी बारा तास गार ठेवणारी. आजीनं ती हातात घेतली, वजन पाहिलं, झाकण उघडून आत डोकावली.

‘‘एवढंच मावतं व्हय?’’ म्हणाली आणि परत दिली. मग मित्राच्या सॅकला बाहेरून बांधलेली कोल्ड्रिंकची दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली तिनं दाखवली. ‘‘ती दे.’’