जुनी गाडी घेताना हीटरही पाहून घ्या

लुधियानाची होजिअरी, पानिपतची ब्लँकेटे, श्रीनगरच्या शाली. या मालासाठी किंवा वसुलीसाठी आमच्या कापड बाजारातील बरेच जण थंडीच्या दिवसांत उत्तरेकडे जातात. हंगामाअखेर उरलेला माल स्वस्तात मिळतो, म्हणून काहीजण मुद्दाम जानेवारी गाठतात. अलीकडे दोघा-तिघांनी मिळून जुनी गाडी घ्यायची आणि तिनेच निघायचे, असाही रिवाज पडू लागला आहे. गाडी घेताना इंजिन पाहतात, टायर पाहतात, कागदपत्रे पाहतात. हीटरचे बटण मात्र कोणी दाबून पाहत नाही. मग पंजाबच्या धुक्यात समोरची काच आतून धूसर होते, ती पुसता पुसता हात दुखून येतात आणि तेव्हा हीटर आठवतो. हीटर केवळ आरामाची वस्तू नाही. काच साफ ठेवण्याचे कामही तोच करतो.

महाराष्ट्रात वापरलेल्या गाडीत हा ऐब हमखास आढळतो. आपल्याकडे हीटरची गरज वर्षातून आठ दिवस पडली तरी खूप. दहा-दहा वर्षे त्याची दांडी थंड बाजूलाच राहते, वॉल्व्ह आणि केबल जाम होतात. शिवाय रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नळाचे किंवा विहिरीचे खारे पाणी भरण्याची सवय. त्या पाण्याचा क्षार आणि गंज सर्वांत आधी हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

आता हीटर चालतो कसा, ते थोडक्यात. त्यासाठी वेगळी शेगडी नसते. इंजिनचे गरम पाणी दोन होज पाइपांतून डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरते. याला मिस्त्री लोक हीटर कॉइल म्हणतात. ब्लोअर तिच्यावरून हवा फेकतो. म्हणजे गरम पाणी, त्याचा फेरा आणि हवा या तीन गोष्टी जमल्या पाहिजेत.

तपासणी सकाळी, फजरनंतर इंजिन थंड असताना करावी. दुपारच्या उन्हात कोणत्याही गाडीची हवा गरमच लागते आणि विकणारा खुशाल ‘हीटर ओके’ म्हणतो. आधी रेडिएटरचे झाकण उघडून पाणी पाहा. इंजिन तापल्यावर ते झाकण कधीही उघडू नये, उकळते पाणी तोंडावर उडते. पाणी कमी असेल तर हीटर अशक्त राहतोच. पाणी लाल-तपकिरी असेल तर आत गंज आहे असे समजा.

मग गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवा. तापमानाचा काटा वर चढतच नसेल, किंवा मोकळ्या रस्त्यावर खाली पडत असेल, तर थर्मोस्टॅटवर शक घ्यावा. आपल्याकडचे कित्येक मिस्त्री गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. रोग तसाच राहतो आणि इंजिन नेहमी थंड चालू लागते. हीटर मंदावतो, वर तेलही जास्त जळते. ही फारशी महाग वस्तू नाही, ती परत बसवून घ्यावी. पण मूळ गाडी गरम का होत होती, हे शोधल्याशिवाय नाही.

काटा बरोबर असेल तर हीटर पूर्ण गरमवर ठेवून बोनेट उघडा आणि हीटरकडे जाणारे दोन्ही होज जपून चाचपा. पंख्यापासून हात दूर ठेवावा. दोन्ही गरम असतील आणि आत थंड हवा येत असेल तर दोष हवेच्या बाजूचा आहे : आतली झडप अडकली किंवा केबल निसटली. हवाच कमी येत असेल तर ब्लोअर अशक्त आहे, किंवा नव्या गाड्यांत केबिन फिल्टर धुळीने भरला आहे. एक होज गरम आणि दुसरा गार असेल तर कॉइल तुंबली आहे किंवा वॉल्व्ह बंद आहे. दोन्ही गार असतील तर पाणी कमी किंवा हवा अडकलेली. कधी असेही दिसते की कॉइल गळत होती म्हणून कोणीतरी दोन्ही होज एकमेकांना जोडून टाकले आहेत. अशा गाडीत हीटर नाहीच, असे धरून भाव करावा.

तुंबलेली कॉइल पुष्कळदा उलट्या दिशेने साधे पाणी सोडून मोकळी होते. मात्र कॉम्प्रेसरची हवा मारू देऊ नये, जुनी कॉइल फुटते. तेजाबही नको. ॲल्युमिनियम खाल्ले जाते. कॉइल बदलायची तर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड खोलावा लागतो आणि कॉइलपेक्षा मजुरी जड होते. पायाजवळचा गालिचा ओला, गोडसर वास, काचेवर तेलकट धुके ही गळक्या कॉइलची निशाणी. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गॅस्केटचा मामला असू शकतो. तिथे सौदा सोडलेला बरा.

आम्ही थान घेताना मधली घडी उलगडून पाहतो, गाडीला मात्र पॉलिशवर पास करतो. विकणाऱ्याला साक्षीदारासमोर साफ विचारावे. फिक्हमध्ये घेणाऱ्याला खियार-ए-ऐब दिला आहे. लपलेला जुना दोष निघाला तर सौदा परत करता येतो. पण ऐब माहीत असून माल उचलला तर हा हक्क राहत नाही. आणि आमच्यापैकी जे स्वतः गाड्या विकतात त्यांनी हीटर बंद असल्यास तसे सांगूनच विकावी.

काश्मीरला जाणाऱ्यांनी साधे पाणी घेऊन निघू नये. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस तिथे चिल्ले कलान असतो, रात्री पारा शून्याखाली जातो. गोठलेले पाणी फुगते आणि इंजिनचा ब्लॉक फोडते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरावे. कूलंट चवीला गोड पण जहर आहे, डबा मुलांपासून दूर ठेवावा.

हीटर लावून, काचा बंद करून, चालू इंजिनात झोपणे तर कदापि करू नये. सायलेन्सर गळका असेल किंवा बर्फाने बुजला असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखू लागले, मळमळले, तर ताबडतोब इंजिन बंद करून सर्वांनी बाहेर उतरावे आणि डॉक्टर गाठावा.