कडेमचे 18 दरवाजे आणि धरणाचे डिजिटल प्रतिरूप

धरणांच्या सुरक्षिततेविषयीच्या संशोधनासाठी केंद्रीय जलशक्ती मंत्रालयाने अलीकडच्या काळात देशातील दोन नामवंत शिक्षणसंस्थांशी करार केले. रुरकीच्या आयआयटीशी 2022 मध्ये आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेशी मार्च 2023 मध्ये झालेल्या या करारांतून धरणांसाठीची आंतरराष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रे उभी राहिली. जलाशयातील गाळ, भूकंपाचा धोका, धरणांच्या दुरुस्तीसाठी लागणारे साहित्य आणि एकाच वेळी उद्भवू शकणाऱ्या अनेक संकटांचे मूल्यमापन हे या केंद्रांच्या अभ्यासाचे विषय आहेत. या सर्व विषयांना जोडणारा धागा म्हणजे पायाभूत सुविधांसाठीचे डिजिटल अभियांत्रिकीशास्त्र. पूल, रस्ता किंवा धरण बांधून झाल्यावरही त्याच्याविषयीची माहिती सतत गोळा करायची, ती संगणकावरील प्रतिरूपात भरायची आणि त्या प्रतिरूपाकडून पुढे काय घडू शकते याचा अंदाज घ्यायचा, असे या शास्त्राचे थोडक्यात स्वरूप आहे.

अशा प्रतिरूपाला अभियंते ‘डिजिटल ट्विन’ म्हणतात. त्याची गरज का निर्माण झाली आणि त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, हे समजून घेण्यासाठी तेलंगणातील जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील कडेम धरणासारखे दुसरे उदाहरण शोधूनही सापडणे कठीण आहे.

पुराचा हिशेब

आदिलाबाद हा मराठी वाचकांना परका प्रदेश नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानातील या जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे तालुके 1956 च्या राज्य पुनर्रचनेत मुंबई राज्यात आले. पैनगंगेच्या दक्षिण काठावरील जैनद, बेला या भागांत मराठी आजही घराघरांत बोलली जाते. ऑक्टोबर 2016 मध्ये या विस्तीर्ण जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. कडेम नदी उगम पावते ती आदिलाबाद जिल्ह्यातील डोंगराळ भागात. कुंतला या सुप्रसिद्ध धबधब्यावरून सुमारे 45 मीटर खाली झेपावून ती पुढे निर्मल जिल्ह्यात जाते आणि तेथील धरणात अडविली जाऊन नंतर गोदावरीला मिळते. पाऊस एका जिल्ह्यात आणि जलाशय दुसऱ्या जिल्ह्यात, अशी ही रचना आहे.

जुन्या तांत्रिक नोंदींत ‘कद्दम’ या नावाने येणारे हे धरण ऑगस्ट 1958 मध्ये फुटले. त्या वेळी नदीतून सेकंदाला सुमारे 14,700 घनमीटर, म्हणजे 5 लाख 19 हजार क्यूसेकच्या आसपास पाणी आले. धरणाचा माथा आणि पुराची पातळी यांच्यामध्ये 2.4 मीटरची राखीव उंची सोडलेली होती. तरीही पाणी माथ्यावरून 46 सेंटिमीटर जाडीच्या थराने वाहू लागले. डाव्या बाजूला 137 मीटर रुंदीचे खिंडार पडले आणि उजव्या भागातही आणखी दोन ठिकाणी भराव फुटला. मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागले की ते माती झपाट्याने ओढून नेते. मग भिंत कितीही जाड असली तरी तिचा टिकाव लागत नाही. भिंत उभारण्यापूर्वी केलेला पुराचा हिशेबच अपुरा ठरला होता.

धरण पुन्हा बांधून काढण्यात आले. 1995 च्या पुरात त्याला पुन्हा भगदाड पडले. त्यानंतर जुलै 2022 मध्ये जलाशयात येणारे पाणी 5 लाख क्यूसेकच्या वर गेले, तेव्हा धरणाच्या 18 दरवाज्यांची एकूण विसर्गक्षमता सुमारे 3 लाख क्यूसेकच होती. त्यातही 17 दरवाजे उघडले आणि एक उघडलाच नाही. पाणी दरवाज्यांवरून वाहू लागले आणि धरणाखालच्या गावांतील लोकांना तातडीने हलवावे लागले. धरण वाचले, परंतु पुढच्याच वर्षी, जुलै 2023 मध्ये, काही दरवाजे पुन्हा अडकले आणि पाणी पुन्हा दरवाज्यांवरून वाहिले. 1958 चा आणि 2022 चा पूर आकाराने जवळजवळ सारखा होता, ही बाब विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. 64 वर्षांपूर्वी जे घडून गेले होते, तेच पुन्हा दाराशी आले होते.

सव्वाचार तासांचा अवधी

कडेम जलाशयाची साठवणक्षमता सुमारे 7.6 टीएमसी, म्हणजे 760 कोटी घनफूट आहे. 5 लाख क्यूसेकच्या वेगाने पाणी येत राहिले आणि सर्व दरवाजे बंद असतील, तर पूर्ण रिकामा जलाशय सुमारे सव्वाचार तासांत काठोकाठ भरतो. 3 लाख क्यूसेक बाहेर सोडले तरी दर सेकंदाला 2 लाख घनफूट पाणी साठत राहते आणि जलाशय निम्मा भरलेला असल्यास पाच-सव्वापाच तासांत तो तुडुंब होतो. जुलैच्या रात्री एखाद्या कनिष्ठ अभियंत्याला जो निर्णय घ्यायचा असतो, तो या चार-पाच तासांत.

तो निर्णय वाटतो तितका सोपा नाही. पाऊस येणार म्हणून जलाशय आधीच रिकामा केला आणि पाऊस दुसरीकडे वळला, तर या धरणावर अवलंबून असलेल्या सुमारे 68 हजार एकर शेतीचे पाणी वाया जाते आणि त्याचा जाब त्याच अभियंत्याला द्यावा लागतो. पाणी राखून ठेवले आणि पूर आला, तर धरणाखालच्या गावांवर संकट ओढवते. डिजिटल प्रतिरूपाची खरी उपयुक्तता याच पेचात आहे.

त्याची रचना तीन थरांची असते. पहिल्या थरात पाणलोट क्षेत्रातील पर्जन्यमापक, हवामान खात्याचे रडार आणि नदीपात्रातील पातळीमापक यांच्याकडून आलेली माहिती असते. डोंगरावरील पर्जन्यमापक लवकर सूचना देतो, परंतु पडलेल्या पावसापैकी किती पाणी नदीत उतरेल हे जमिनीच्या ओलाव्यावर अवलंबून असते. नदीतील पातळीमापक उशिरा बोलतो, पण नेमके बोलतो. संगणकीय प्रतिरूप या दोहोंची सांगड घालून ‘पुढच्या सहा तासांत इतके पाणी येण्याची शक्यता इतकी’ असे उत्तर देते. जलाशय किती रिकामा करावा याचा निर्णय तरीही माणसालाच घ्यावा लागतो. मात्र तो अंदाजपंचे न राहता आकड्यांच्या आधारे घेता येतो आणि नंतर त्याचे समर्थनही करता येते.

दुसरा थर धरणाच्या शरीराचा. भरावातील पाण्याचा दाब मोजणारी उपकरणे, पायथ्याशी झिरपणाऱ्या पाण्याची मोजणी, बांधकाम किंचित कलले तरी ते टिपणारे कलमापक आणि ड्रोनने घेतलेल्या छायाचित्रांतून तयार केलेला त्रिमितीय नकाशा यांतून हा थर घडतो. ब्रिटनमधील केंब्रिज विद्यापीठात 2011 पासून कार्यरत असलेल्या स्मार्ट पायाभूत सुविधा व बांधकाम केंद्राने या क्षेत्रात मोलाचे काम केले आहे. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यातील दोन रेल्वे पुलांत बांधकाम सुरू असतानाच त्यांनी ऑप्टिकल फायबरचे संवेदक बसविले. तुळई वाकली की तिच्यातील काचेचा तंतू सूक्ष्म प्रमाणात ताणला जातो आणि त्यातून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी बदलते. त्यावरून गाडी जाताना पुलाच्या कोणत्या भागावर किती ताण येतो हे कळते. पूल नवा असतानाचे आकडे जपून ठेवले, तर वीस वर्षांनी झालेला बदल लगेच ओळखता येतो. निरोगी असताना केलेली रक्ततपासणी पुढे आजाराचे निदान करताना उपयोगी पडते, तसेच हे आहे.

तिसरा थर यंत्रसामग्रीचा, आणि कडेमच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. दरवाजा उचलणाऱ्या मोटरला किती विद्युतप्रवाह लागतो, तो वर जाण्यास किती वेळ घेतो आणि उचलताना थरथर किती होते, या तिन्ही गोष्टी स्वस्त उपकरणांनी मोजता येतात. एखाद्या दरवाज्याला मागील वर्षापेक्षा अधिक प्रवाह लागत असेल, तर कुठेतरी गंज चढला आहे, तारदोर अडकत आहे किंवा दरवाजा वाकडा झाला आहे, असा संशय घेता येतो. तो संशय एप्रिलमध्ये आला तर दुरुस्ती होऊ शकते. जुलैच्या मध्यरात्री, पाण्याच्या प्रचंड दाबाखाली तो दरवाजा कोणतेही सॉफ्टवेअर उचलू शकत नाही.

माहिती आणि कृती

या विषयाची सर्वांत मोठी मर्यादा येथेच आहे. डिजिटल प्रतिरूप सांडव्याची क्षमता एका क्यूसेकनेही वाढवीत नाही. 5 लाखांचा पूर आणि 3 लाखांचा सांडवा यांतील अंतर भरून काढण्यासाठी अखेर काँक्रीट, पोलाद आणि पैसा लागतो. प्रतिरूप धोका आधी दाखवू शकते. तो दूर करण्याची जबाबदारी प्रशासनावरच राहते. रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटून गावकऱ्यांचे बळी गेले, तेव्हा त्या धरणाच्या गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केलेल्या होत्या. तेथे धोका ओळखण्यासाठी अत्याधुनिक संवेदकांची गरज नव्हती; गावकऱ्यांच्या डोळ्यांनी तो आधीच टिपला होता.

या अनुभवांनंतर संसदेने धरण सुरक्षा कायदा 2021 मंजूर केला आणि तो 30 डिसेंबर 2021 पासून लागू झाला. देशातील सहा हजारांहून अधिक मोठी धरणे त्याच्या कक्षेत येतात. धरणावर उपकरणे बसविणे, परिसरात जलहवामान केंद्र उभारणे, पूर्वसूचनेची व्यवस्था ठेवणे आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी करणे ही आता धरणमालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. आपत्कालीन कृती आराखडा आणि स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन यांसाठी कायद्याने पाच वर्षांची मुदत दिली असून ती डिसेंबर 2026 मध्ये संपते. ‘धर्मा’ या संगणकप्रणालीत देशभरातील धरणांची माहिती एकत्र करण्याचे कामही चालू आहे. विद्यापीठीय संशोधन पथकांचे महत्त्व यामुळेच वाढले आहे, कारण उपकरणांतून आकड्यांचा पूर येऊ लागल्यावर त्यांतील अर्थ काढणारी प्रशिक्षित माणसे पाटबंधारे खात्यांत पुरेशी हवीत, आणि ती घडविण्याचे काम विद्यापीठांचेच आहे.

नदीला राज्याची सीमा नसते

आदिलाबादच्या उत्तर सीमेवर दुसरा प्रश्न उभा आहे. पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात उगम पावते आणि इसापूर धरणातून पुढे येऊन महाराष्ट्र व तेलंगणा यांची सीमा बनते. याच नदीवर यवतमाळ जिल्ह्यातील चनाका आणि आदिलाबाद जिल्ह्यातील कोरटा या गावांच्या दरम्यान बंधारा बांधण्यासाठी दोन्ही राज्यांनी ऑगस्ट 2016 मध्ये मुंबईत करार केला. येथे तेलंगणाच्या बाजूने कितीही उत्तम डिजिटल प्रतिरूप तयार केले, तरी इसापूरमधून किती पाणी केव्हा सुटणार आहे ही माहिती महाराष्ट्राकडून वेळेवर न मिळाल्यास ते आंधळेच राहील. दोन राज्यांतील अभियंत्यांच्या संगणकांना एकमेकांशी बोलता यायला हवे, आणि त्यासाठी तंत्रज्ञानापेक्षा परस्परविश्वासाची अधिक गरज आहे.

गोमंतकीय वाचकांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. तिळारीचे धरण दोडामार्ग तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीत आहे. त्याच्या विसर्गाची झळ मात्र शापोरा नदीच्या काठावरील पेडणे, बार्देश व डिचोली तालुक्यांतील गावांना बसते. अंजुणे आणि साळावली ही धरणे गोव्याच्याच हद्दीत असली तरी कडेमने शिकविलेले धडे त्यांनाही लागू पडतात. प्रत्येक पावसाळ्यापूर्वी दरवाजे प्रत्यक्ष उघडून पाहिले गेले का, त्याची नोंद कोठे आहे, आपत्कालीन आराखड्यात आपल्या गावाचे नाव आहे का आणि विसर्गाची सूचना गावात किती तास आधी पोहोचते, हे प्रश्न नदीकाठच्या ग्रामसभांत विचारता येण्याजोगे आहेत. जेथे या प्रश्नांची उत्तरे तारखा आणि आकडे यांसह मिळतात, तेथे डिजिटल प्रतिरूपाचा पाया आधीच घातला गेलेला असतो.