पिकते पुष्कळ, पोहोचत नाही

२०२४ साली जगातल्या सुमारे ६७ कोटी ३० लाख लोकांना पुरेसे अन्न मिळत नव्हते, असा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अंदाज आहे. म्हणजे जगात दर बारा माणसांमागे एक जण उपाशी. आफ्रिकेत पाचांमागे एक. डाळी, भाज्या, फळे, दूध असा चौरस आहार न परवडणारे तर २६० कोटींच्या घरात आहेत. आता दुसरी बाजू. जगात तृणधान्ये वर्षाला २८० कोटी टनांच्या आसपास पिकतात. सरळ वाटणी केली तर माणशी रोज जवळजवळ एक किलो. त्यातला मोठा हिस्सा जनावरांच्या खाद्याकडे आणि इथेनॉलकडे जातो. शिवाय घरे, दुकाने आणि हॉटेले मिळून वर्षाला शंभर कोटी टनांहून अधिक अन्न कचऱ्यात टाकतात. धान्य कमी पडते म्हणून माणसे उपाशी राहतात, हे सोपे उत्तर या आकड्यांपुढे टिकत नाही.

ते उत्तर सर्वांत ठामपणे खोडून काढले अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी, १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात. त्यातले मुख्य उदाहरण १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे. या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे मेली असावीत. सेन यांच्या हिशेबानुसार त्या वर्षी बंगालमध्ये उपलब्ध असलेला तांदूळ आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा जेमतेम पाच टक्क्यांनी कमी होता, आणि दुष्काळ न पडलेल्या १९४१ सालापेक्षा जास्तच होता. या हिशेबाबद्दल वाद आहे. १९४२ च्या चक्रीवादळाने आणि भातावरच्या रोगाने पिकाचे नुकसान त्याहून मोठे झाले, असे काही अभ्यासक मानतात. पण मेले कोण, याबद्दल फारसा वाद नाही. मेले ते शेतमजूर, मासेमार, कारागीर. युद्धखर्चामुळे महागाई भडकली होती आणि ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्याने तिकडचा तांदूळ बंद झाला होता. जपानी सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनारी भागातल्या होड्या काढून घेतल्या, आणि त्याबरोबर मासेमारांचा धंदाच गेला. कलकत्त्यात डिसेंबर १९४२ मध्ये मणाला १३-१४ रुपये असलेला तांदूळ पुढच्या ऑगस्टपर्यंत ३७ रुपयांवर गेला. मजुरी त्या मानाने वाढलीच नाही. कलकत्त्यातल्या कारखान्यांच्या कामगारांना स्वस्त धान्य मिळत राहिले, आणि खेड्यांतून आलेली माणसे त्याच शहराच्या फुटपाथवर मेली. दुष्काळ पडल्यावर काय करायचे याची नियमावली ब्रिटिश सरकारपाशी एकोणिसाव्या शतकापासून तयार होती. ती लागू करायची तर आधी दुष्काळ जाहीर करावा लागला असता. तो अखेरपर्यंत जाहीर झाला नाही.

याच्या शेजारी १९७२-७३ चा महाराष्ट्र ठेवून पाहावा. पाऊस सलग तीन वर्षे दगा देत होता आणि तिसऱ्या वर्षी तर पीक निम्म्याच्या आसपास आले. निव्वळ पिकाचे नुकसान मोजले तर ही आपत्ती बंगालपेक्षा मोठी होती. तरीही भूकबळींची लाट आली नाही, कारण लोकांच्या हाती मजुरी पोहोचली. मे १९७३ मध्ये जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नाला बंडिंग अशी कामे चालू होती आणि त्यांवर बायकांची संख्या फार मोठी होती. कामावर सुकडी हा पौष्टिक कोरडा खाऊ वाटला जाई आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, म्हणजे मिलो, मिळे. ती कोणालाही आवडली नाही. मजुरी अपुरी होती, ती वेळेवर मिळत नसे, आणि त्यासाठी मोर्चे काढावे लागले. हे मोर्चेही दुष्काळ निवारणाचाच भाग होते असे म्हणायला हरकत नाही. ज्या सरकारला पुन्हा मते मागायची आहेत, त्याला ते दुर्लक्षून चालत नव्हते. या अनुभवातून आणि विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीपासून चालवलेल्या प्रयत्नांतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ साली झाला. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यालाही हीच योजना आधारभूत ठरली.

अर्थात सगळी उपासमार बाजाराने घडत नाही. चीनमध्ये १९५९ ते १९६१ या काळात कोट्यवधी माणसे मेली. तिथे वरिष्ठांना खूश ठेवण्यासाठी पिकाचे फुगवलेले आकडे कळवले गेले आणि त्या आकड्यांवर सरकारने धान्यवसुली केली. खेड्यांत खायला उरले नाही, आणि ते बोलून दाखवण्याची सोयही नव्हती.

आजच्या तीव्र उपासमारीचे सर्वांत मोठे कारण युद्ध आहे. शेते ओस पडतात, रस्ते आणि बंदरे बंद होतात, मदतीचे ट्रक अडवले जातात. दुष्काळ ठरवण्यासाठी आता एक आंतरराष्ट्रीय मोजपट्टी वापरली जाते. निदान वीस टक्के कुटुंबांना अन्नाची पराकोटीची टंचाई, तीस टक्के मुले तीव्र कुपोषित, आणि उपासमारीमुळे दर दहा हजारांमागे रोज दोन मृत्यू, अशा तिच्या मुख्य कसोट्या आहेत. या पद्धतीने ऑगस्ट २०२४ मध्ये सुदानच्या दारफुर भागातल्या झमझम छावणीत, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये गाझा शहर व परिसरात दुष्काळ असल्याचे नोंदवले गेले. सुदानच्या सरकारने निष्कर्ष फेटाळला आणि ही मोजणी करणाऱ्या यंत्रणेतून अंग काढून घेतले. लोकांना उपाशी ठेवणे हे युद्धाचे हत्यार म्हणून वापरण्याचा निषेध करणारा ठराव सुरक्षा परिषदेने २०१८ साली एकमताने केला आहे. त्याचा धाक कोणाला वाटल्याचे दिसत नाही.

युद्धाची झळ रणभूमीपासून दूरवरही लागते. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा जगाच्या गहू निर्यातीतला सुमारे तीस टक्के वाटा या दोन देशांचा होता. त्या मार्चमध्ये जागतिक अन्नदरांचा निर्देशांक विक्रमी पातळीवर गेला. जवळजवळ सगळा गहू बाहेरून आणणाऱ्या येमेनसारख्या देशाला हा फटका थेट भाकरीवर बसतो. हवामानबदलाचेही असेच आहे. पूर्व आफ्रिकेत लागोपाठ पावसाळे कोरडे गेले, पण त्याचा कडेलोट झाला तो जिथे शासनच कोलमडले होते त्या सोमालियात. तिथे २०१०-१२ मध्ये अडीच लाखांहून अधिक माणसे मेली. त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची मुले होती.

अन्न तुटले की शरीर आधी साठवलेली साखर वापरते, मग चरबी, आणि शेवटी स्नायू. हृदयाचाही स्नायू त्यातून सुटत नाही. प्रतिकारशक्ती ढासळते, त्यामुळे मृत्यूच्या नोंदीत भूक क्वचितच दिसते. तिथे अतिसार, गोवर, न्यूमोनिया असे लिहिलेले असते. पाच वर्षांखालच्या मुलांच्या जवळजवळ निम्म्या मृत्यूंमागे कुपोषणाचा हात असतो. दीर्घ उपासानंतर एकदम भरपूर खाऊ घातले तरी रक्तातले क्षार बिघडून माणूस दगावू शकतो. म्हणून उपचार बेताबेताने करावे लागतात. शेंगदाणे, दूधपावडर, तेल, साखर आणि जीवनसत्त्वे यांच्या तयार लगद्याने हे काम खूप सोपे केले आहे. गुंतागुंत नसलेली बहुतेक मुले त्यावर काही आठवड्यांत घरीच सावरतात.

खुजेपणावर असा झटपट इलाज नाही. जगात पाच वर्षांखालची सुमारे १५ कोटी मुले वयाच्या मानाने बुटकी आहेत. गर्भारपण आणि पहिली दोन वर्षे या काळात राहिलेली उणीव पुढे भरून निघणे कठीण असते. उंचीबरोबर मेंदूची वाढ, शाळेतली प्रगती आणि मोठेपणीची कमाईही घटते. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे उपासमार झाली. तेव्हा गर्भात असलेल्या मुलांत पन्नाशीनंतर मधुमेह आणि हृदयविकाराचे प्रमाण जास्त आढळले.

घरातही उपासाची वाटणी सारखी होत नाही. सर्वांचे झाल्यावर उरलेले खाणारी बाई आधी अशक्त होते, आणि तिच्या पोटी कमी वजनाचे मूल येते. घर तगवण्यासाठी दागिने, शेळ्या, मग बैल विकले जातात, बियाणे खाल्ले जाते, मुलींची लग्ने लवकर उरकली जातात. शेवटी जमीन जाते. बंगालच्या दुष्काळानंतर संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत हे दिसून आले. असंख्य छोट्या शेतकऱ्यांनी भातजमीन विकली किंवा गहाण टाकली होती. त्यांतले अनेक जण शेतमजूर झाले, म्हणजे ज्या वर्गात सर्वाधिक माणसे मेली होती त्याच वर्गात जाऊन पडले.